बर्फाचं गिरमिट फिरतं, पण घुसत नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटात डिसेंबरचा मध्य उजाडला, गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोक पाडून मासे धरणारी माणसं दिसायला लागली, की मला ठरलेला फोन येतो. "ताई, गिरमिट गेलं वाटतं. वीस मिनिटं फिरवतोय, बर्फाला नुसती चकाकी येतेय." फोन करणारा बहुतेक पुण्या-नाशिकाकडचा, हिवाळ्यात चार-पाचदाच तळ्यावर जाणारा. सोबत थंडीने काकडलेली मुलं असतात आणि बादलीत अजून एकही मासा नसतो. गेल्या १४ हिवाळ्यांत अशी किती हाताची गिरमिटं माझ्या गॅरेजात येऊन गेली याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण त्यांची दुखणी मात्र आता तोंडपाठ झाली आहेत.

इथे सगळे त्याला ऑगर म्हणतात. माझे बाबा मालवणात होड्यांचं काम करणारे सुतार. फळीला भोक पाडायचं त्यांचं हत्यार म्हणजे गिरमिट, म्हणून माझ्या तोंडात तोच शब्द बसला आहे. वस्तूही तीच आहे, फक्त मोठी: वर फिरवायचा वाकडा दांडा, मध्ये मळसूत्रासारखा वळलेला पत्रा आणि तळाशी बैठकीवर स्क्रूने बसवलेली दोन पाती. बिघाड जवळजवळ नेहमी तळाच्या चार बोटांतच असतो. तरी लोक वरून जोर लावत बसतात.

आधी लक्षणं

गिरमिटातून काय बाहेर पडतंय ते पाहा. धड चाललेल्या गिरमिटातून खोबऱ्याच्या कापांसारखे पापुद्रे निघतात. आजारी गिरमिट रांगोळीसारखा बारीक भुगा काढतं आणि बर्फावर गोल चकचकीत चट्टा पाडतं. भुगा दिसला की पात्याची कड तरी गेली आहे किंवा तिचा कोन तरी.

पहिलं भोक मजेत पडतं आणि दुसऱ्या भोकाला गिरमिट हटून बसतं, असं होत असेल तर पात्यांवर बर्फ धरला आहे. हा सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार, आणि याला एक पैसाही लागत नाही.

सुरुवात चांगली होते, तीन-चार इंच गेल्यावर जड होतं: कापलेला बर्फ वर येत नाहीये.

प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी धक्का बसतो, हाताला थरथर जाणवते: दोन पात्यांपैकी एकच काम करतंय. दुसरं सैल आहे, मोडलं आहे किंवा वेगळ्याच जोडीतलं आहे.

भोक तिरपं जातं आणि दांडा घट्ट धरला जातो: तुम्ही वाकून जोर लावताय, नाहीतर दांडाच वाकला आहे.

आणखी एक लक्षण आहे. त्याची तक्रार मला कुणी कधी केलेली नाही. गिरमिट फारच सहज घुसतं आणि पाच-सहा फेऱ्यांत पाणी वर येतं. त्याबद्दल शेवटी लिहिते. तळ्यावर उभं राहून हे वाचत असाल तर आधी शेवटाकडे जा.

तळ्यावरच, फुकटात तपासायच्या गोष्टी

पात्यांवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आहे ना, ते पाहा. पहाटेच्या अंधारात, उणे २५ सेल्सिअसला, जाड हातमोज्यांत हे राहून गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे. मग दिशा. बहुतेक गिरमिटं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायची असतात. रशियन बनावटीची काही मात्र उलटी फिरतात, आणि कुणाकडून जुनी वस्तू घेतली असेल तर हे सांगायला कोणी नसतं. पात्याची धारेची कड ज्या बाजूला तोंड करून आहे, त्या बाजूला ती पुढे सरकली पाहिजे. उलटं फिरवलं तर पात्याची पाठ बर्फावर घासते, बाकी काही होत नाही. दुमडणाऱ्या दांड्याचा सांधाही हलवून पाहा. तिथला पंखवाला नट थंडीत सैल होतो आणि मग वर लावलेला जोर सांध्यातच जिरतो.

यानंतर जागा बदला. हे लोकांना पटायला जड जातं, कारण एकदा खुर्च्या मांडल्या की कुणाला उठवत नाही. पण बर्फ सगळीकडे सारखा नसतो. काठाजवळच्या बर्फात वाऱ्याने आलेली वाळू असते. तळ्यावर गाड्या उतरतात त्या वाटेवर रस्त्यावरची माती आणि खडी सांडलेली असते. वाळूचा एक कण पात्याच्या कडेला टवका काढायला पुरतो. काठापासून आणि गाड्यांच्या वाटेपासून दूर जा, वरचा भुसभुशीत बर्फ बुटाने बाजूला सारा, आणि खाली काळसर, काचेसारखा स्वच्छ बर्फ दिसला की तिथे सुरू करा.

कुणाचं तरी जुनं, परत गोठलेलं भोक आयतं मिळालं म्हणून त्यात गिरमिट घालू नका. मला कळतं, मोह होतो. पण त्या भोकात नवा बर्फ पातळ आणि कडा जुन्या, कठीण असतात. गिरमिट मध्ये एकदम खचतं आणि पातं कडेवर आपटतं. पात्यांचे टवके उडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच. जुनं भोक उघडायचं तर पहार हवी. बर्फाची पहार इथे सगळीकडे मिळते आणि ती असायलाच हवी, कारण सुरुवातीच्या पातळ बर्फावर पुढे पाऊल टाकायच्या आधी ठोकून पाहायला तीच कामाला येते.

पात्यांवरची बर्फाची साय

पातं हवेइतकं थंड असतं, समजा उणे २०. तळ्याचं पाणी शून्याच्या आसपास. भोक आरपार झालं, गिरमिट वर ओढलं, की डोळ्यांदेखत त्या ओल्या पात्यावर बर्फाची साय धरते. ती कडेला झाकते आणि पात्याच्या खालची पोकळी भरून टाकते. त्या पोकळीचं महत्त्व पुढे सांगते. पातं कोरं करकरीत असलं तरी मग ते कापत नाही.

यावर बहुतेक जण गिरमिट बर्फावर आपटतात. हे कृपा करून करू नका. साय पडते खरी, पण तिच्याबरोबर कडेचा टवकाही जातो, आणि बैठक एक केसभर वाकली तर तिचं पुढे काही करता येत नाही. भोक आरपार झालं की गिरमिट सरळ वर काढा, हवेत उलट दिशेला दोन झटके द्या आणि लगेच कोरड्या जाड फडक्याने पुसा. पुसताना पाठीकडून कडेकडे जायचं, कडेवरून आडवं नाही. साय आधीच धरली असेल तर गिरमिट भोकातल्या पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. पाणी पात्यापेक्षा गरम असतं, साय सुटते. मग पुसून ताबडतोब पुढचं भोक सुरू करा. लायटरची ज्योत पात्याला दाखवू नका, कडेचं पाणी उतरेल. पोलादाचं पाणी म्हणतेय, बर्फाचं नाही.

दुसरं म्हणजे गिरमिट गाडीत हीटरजवळ ठेवून आणू नका. गरम पातं बर्फावर टेकलं की बर्फ वितळतो आणि त्याच पाण्याची साय होते. माझं गिरमिट आदल्या रात्रीपासून न तापवलेल्या गॅरेजात असतं आणि तळ्यावर जाताना मागच्या डिकीत.

जोर कमी करून पाहा

चांगल्या पात्यांचं गिरमिट हाताच्या वजनाने आणि स्वतःच्या वजनाने खाली जातं. ही माझी आवडती तपासणी आहे, कारण ती खोटं बोलत नाही. वरच्या मुठीवर नुसता तळवा ठेवा, दाबू नका, दुसऱ्या हाताने दहा फेरे फिरवा. पापुद्रे येत असतील तर पाती ठीक आहेत आणि तुमची पद्धत चुकत होती. छातीचं वजन टाकल्याशिवाय काहीच येत नसेल तर पाती आजारी आहेत, आणि जोर लावून तुम्ही तो आजार फक्त लपवत होता. जोराने दांडा तिरपा होतो, तिरपा झाला की भोक वाकडं जातं, वाकड्या भोकात पत्रा घासतो, आणि मग वाटतं की अजून जोर हवा.

पाय खांद्याएवढे फाकून उभं राहा, दांडा ओळंब्यासारखा सरळ धरा. दर पाच-सहा इंचांनी फिरवत-फिरवतच गिरमिट वर उचला म्हणजे कापलेला बर्फ बाहेर सांडेल. मध्येच अडतं अशी तक्रार असलेल्यांपैकी निम्म्या जणांचं काम इथेच होतं. शेवटच्या इंचाला हात हलका करा. तळाचा बर्फ एकदम तुटतो आणि जोर असेल तर पातं अडकून मनगटाला हिसका बसतो.

घरी, टेबलावर: स्क्रू आणि बैठक

इथून पुढचं काम तळ्यावर करू नका. बधिर बोटांना कापलेलं कळत नाही आणि बर्फात पडलेला स्क्रू सापडत नाही. घरी, उजेडात, खाली परात ठेवून, चामडी हातमोजे घालून बसा.

एका वेळी एकच पातं सोडवा, म्हणजे दुसरं नमुन्याला राहतं. कोणती बाजू वर होती ते खुणेने लक्षात ठेवा, किंवा फोनवर फोटो काढा. उलटं बसवलेलं पातं घेऊन दरवर्षी निदान एक जण माझ्याकडे येतो. पातं निघालं की बैठक पाहा. ११ महिने गॅरेजात ओलं पडलेलं असतं, तिथे गंज धरलेला असतो. कागदाएवढा गंजाचा थर पात्याला एका बाजूने उचलतो आणि तेवढ्याने कापणं बंद होतं. जुन्या टूथब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने बैठक स्वच्छ करा, तेलाचं बोट फिरवा, पातं परत बसवा. स्क्रू घट्ट हवेत, पण अंगातलं बळ काढून नको. बैठकीतले आटे मऊ असतात, एकदा फिरले की संपलं. दोन जादा स्क्रू नेहमी पिशवीत असू द्या.

दोन्ही पाती एकाच पाकिटातली आहेत ना, हेही विचारा. एकाचा टवका गेला म्हणून तेवढं एकच बदललं, असं अनेक जण करतात. नवं पातं जुन्यापेक्षा केसभर उंच असतं, सगळा बर्फ तेच कापतं, आणि दर फेऱ्याला धक्का बसतो. पाती जोडीनेच बदलायची.

कडेची धार

बोटाने तपासू नका. पातं दिव्याखाली धरा आणि कडेकडे समोरून पाहा. धारदार कड दिसत नाही, ती उजेड परत पाठवत नाही. बोथट कड चमकणारी रेघ होऊन दिसते. टवके असतील तर त्या रेघेत ठिपके चमकतात. प्लास्टिकच्या पेनावर कड अलगद टेकवली तर धारदार पातं रुततं, बोथट घसरतं.

आता धार लावायची का? पाती दोन तऱ्हांची असतात. सरळ कडेची पाती घरी बारीक दगडावर पाजवता येतात: आधीचा उतार तसाच ठेवून, दोन्ही पात्यांना मोजून सारखे हात, एकाला १० तर दुसऱ्याला १०, आणि शेवटी मागच्या बाजूने एक सपाट हात, धारेची फुगलेली किनार काढायला. गोलाईची, चमच्यासारखी वळलेली पाती मात्र घरी पाजवू नका. मी १४ वर्षांत शिकले नाही आणि आता नादही सोडला आहे. तिथे एकाच कडेवर दोन-दोन उतार असतात आणि हाताने ते राखता येत नाहीत. विजेच्या सहाणेला तर कुठलंच पातं लावू नका. तापून निळसर झालं की पोलाद मऊ पडलं.

टाच टेकली की तोंड उपाशी

या एका गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला.

चार-पाच वर्षांपूर्वी एक काका गिरमिट घेऊन आले. चाकू-कात्र्यांना धार लावून देणाऱ्या एका दुकानातून त्यांनी पाती पाजवून आणली होती. वर्तमानपत्राचा कागद त्या पात्याने रेशमासारखा कापला गेला. बर्फावर ठेवलं तर नुसतं फिरत राहिलं. काकांनी नवं गिरमिट घ्यायचं ठरवलंही होतं.

मला बाबांचा रंधा आठवला. मी लहान असताना त्यांच्या रंध्याचं पातं दगडावर घासायचा मला फार सोस होता. एकदा मी ते इतकं मन लावून घासलं की बोट लावलं तर रक्त आलं. रंध्यात बसवलं तर लाकडावरून ते मेणासारखं सरकलं, एक छिलका निघाला नाही. बाबांनी रागावण्याऐवजी रंधा डोळ्यांसमोर धरायला दिला. "कड बघू नको, टाच बघ. टाच टेकली की तोंड उपाशी." मी पातं उभं धरून घासलं होतं, उतार आखूड आणि बोजड झाला होता. कडेच्या मागची टाच लाकडाला आधी टेकत होती, आणि धारदार कड केसभर अधांतरी राहत होती.

बर्फाच्या गिरमिटात हेच होतं. पातं बैठकीवर थोडं पुढे झुकून बसतं. कड बर्फाला टेकते आणि तिच्या मागे पाचरीसारखी बारीक पोकळी राहते. कड बर्फात शिरते ती या पोकळीमुळे. पाजवणाऱ्याने चाकूसारखी दोन्ही बाजूंनी धार काढली की खालची बाजू गोलसर होते, टाच खाली येते, पोकळी बुजते. पातं धारदार आहे, पण बर्फापर्यंत पोचतच नाही. बर्फाची साय, बैठकीवरचा गंज, आपटून वाकलेली बैठक, सगळ्यांचं नुकसान याच वाटेने होतं. म्हणून जोर लावला की थोडं चालल्यासारखं वाटतं: जोराने टाच बर्फात दाबली जाते आणि कड जेमतेम पोचते.

तपासायला सपाट फळी आणि जाडसर लग्नपत्रिकेचा तुकडा पुरतो. गिरमिट फळीवर सरळ उभं करा, जमिनीवर पालथं पडून पात्याच्या पातळीवर डोळा न्या आणि पलीकडून विजेरी धरा. कड टेकलेली दिसली पाहिजे आणि तिच्या मागे उजेडाची पाचर. मागच्या बाजूने पत्रिका सरकवली तर ती कडेच्या जवळपास जाऊन अडली पाहिजे. मागेच अडली, तर टाच टेकते आहे. मग दुसरं पातं पाहा. दोन्ही कडा एकाच वेळी फळीला टेकल्या पाहिजेत. एक टेकली आणि दुसरी वर राहिली तर दर फेऱ्याच्या धक्क्याचं कारण तुम्हाला सापडलं.

काकांच्या गिरमिटात पत्रिका अर्ध्यावर अडली. नवी पाती घातली, तर पत्रिका सरळ कडेपर्यंत आत गेली. तळ्यावर पुढच्याच रविवारी त्यांनी चार भोकं पाडली आणि मला दोन पर्च मासे आणून दिले, साफ करून.

नवी पाती घालूनही पत्रिका मागेच अडत असेल तर बैठक वाकली आहे. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची बारीक पट्टी पात्याखाली घालतात, तात्पुरतं चालतं. पट्टी कुठे घालायची हे पातं बैठकीच्या वर बसतं की खाली, त्यावर ठरतं. नेम एकच: कड खाली झुकली पाहिजे, टाच उचलली गेली पाहिजे. एकच पट्टी, दोन्ही पात्यांना सारखी. जास्त झुकवलं तर पातं इतकं खोल चावतं की गिरमिट जागच्या जागी अडतं आणि हिसका मनगट खातं. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिथे थांबा.

पाती बदलताना

पाती व्यासाप्रमाणे आणि बनावटीप्रमाणे वेगळी असतात. एका कंपनीची ६ इंची पाती दुसऱ्या कंपनीच्या ६ इंची गिरमिटाला बसतील असं नाही. स्क्रूची भोकं जुळली तरी कोन जुळेलच असं नाही. युरोपातून आलेल्या गिरमिटांवर माप मिलिमीटरमध्ये असतं, १३०, १५०, २०० असं. दुकानात जाताना जुनं पातं खिशात न्या, कागदात गुंडाळून. पात्यांच्या जोडीचे पैसे नव्या गिरमिटाच्या निम्म्याच्या आतच जातात असा माझा अनुभव आहे, त्यामुळे गिरमिट टाकून देण्याआधी एकदा पाती बदलून पाहणं परवडतं.

हंगाम संपला की पाती कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा, झाकण आतूनही कोरडं करून मगच लावा.

नवंच घ्यायचं असेल तर

वर्षातून चार-पाचदा जाणाऱ्याने मोठं गिरमिट घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. दुकानात ८ इंची रुबाबदार दिसतं. पण भोकाचं काम व्यासाच्या वर्गाने वाढतं. फेब्रुवारीतला २० इंच जाडीचा बर्फ धरा. ५ इंची भोकासाठी सुमारे ६ किलो बर्फ कापून वर काढावा लागतो, ६ इंचीसाठी साडेआठ, आणि ८ इंचीसाठी १५ किलो. एका भोकाला एवढा फरक, आणि मासे मिळेपर्यंत निदान चार-पाच भोकं तरी पाडावी लागतात.

ब्लूगिल, क्रॅपी, पर्च या लहान माशांना ५ इंची भोक पुरतं. वॉलआयसाठी ६ इंची घ्या. बहुतेक मराठी घरांना मी ६ इंचीच सुचवते, त्यात हे सगळे मासे निभावतात. मोठा नॉर्दर्न पाइक किंवा लेक ट्राउट धरायला जाणार असाल तरच ८ इंची. मुलांच्या हाती द्यायचं असेल तर ५ इंची; दहा-बारा वर्षांचं मूल ते स्वतः फिरवतं, आणि स्वतः पाडलेल्या भोकापाशी बसलेलं मूल कंटाळत नाही.

व्यास ठरला की पुढचा प्रश्न: याची पाती सुटी मिळतात का, आणि जवळच्या दुकानात मिळतात का? कंपनीच्या नावापेक्षा मी याला जास्त महत्त्व देते. सरळ कडेची पाती असतील तर घरी पाजवता येतील, गोलाईची जास्त सफाईने कापतात पण ती बदलावीच लागतील. दांड्याची उंची कमी-जास्त करता येते का आणि जाड बर्फासाठी जोडदांडा मिळतो का, तेही बघून घ्या. दीड फुटापेक्षा जाड बर्फात एका दिवसात दहाच्या वर भोकं पाडायची असतील तर हाताचं गिरमिट तुमच्यासाठी नाही. बॅटरीच्या ड्रिलला जोडायचं गिरमिट घ्या, पण ड्रिलला बाजूची मूठ असल्याशिवाय नाही, आणि सुटून तळ्यात जाऊ नये म्हणून वर तबकडी हवी.

आणि वर्षातून एकदाच पाहुण्यांना घेऊन जायचं असेल तर काहीच घेऊ नका. मिल लॅक्स आणि लेक ऑफ द वूड्स या तळ्यांवर तापवलेली खोपटी भाड्याने मिळतात, भोकं पाडलेलीच असतात.

कुठे थांबायचं

बैठक किंवा दांडा वाकलेला दिसला तर हातोडी उचलू नका. सपाट टेबलावर दांडा लोळवून पाहा. डगमगत असेल तर तो वाकला आहे. घरी ठोकून सरळ केलेल्या बैठकीवर दोन्ही पाती एका पातळीत बसलेली मी कधी पाहिली नाहीत. मासेमारीच्या सामानाच्या ज्या दुकानात ऑगरची दुरुस्ती होते तिथे न्या आणि दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. हाताच्या गिरमिटाला तो बहुधा नव्याइतकाच पडतो. बैठकीतले आटे फिरले असतील, वेल्डिंगला तडा दिसत असेल, तरीही तेच. गोलाईच्या पात्यांना धार लावून घ्यायचीच असेल तर ऑगरची पाती पाजवणाऱ्याकडेच पाठवा, चाकूवाल्याकडे नाही.

गिरमिट भोकात गोठून अडकलं तर दांडा पिळू नका, तो पिळून मोडतो. भोवतीचा बर्फ पहारीने थोड्या अंतरावरून फोडत या, भोकात कोमट पाणी ओता, वाट पाहा.

पात्याने हात कापला तर थंडीत जखम कळते त्याहून खोल असते. स्वच्छ कापडाने दाबून धरा. दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबलं नाही, किंवा बोट नीट वळत नसेल, तर मासे सोडा आणि टाके घालून घ्यायला जा.

आता ते राहिलेलं लक्षण. गिरमिट लोण्यात गेल्यासारखं घुसलं आणि पाच-सहा फेऱ्यांत पाणी आलं, तर गिरमिटाला काहीच झालेलं नाही, बर्फ पातळ आहे. हातातलं काम थांबवा आणि मोजा. टेप भोकात सोडा, टोकाचा हुक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा, जाडी वाचा. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा दंडक असा: ४ इंचांच्या आत असेल तर बर्फावर पाऊल ठेवू नये, पायी चालायला निदान ४ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा, आणि स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, ५ ते ७ इंच. छोट्या गाडीलासुद्धा ९ ते १० इंच लागतात. पांढरा, बर्फवृष्टी मुरून झालेला बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. आणि एका भोकातली जाडी दहा पावलांवर तशीच असेल असं समजू नका. ओढा येऊन मिळतो तिथे, पुलाखाली, लव्हाळ्यांपाशी बर्फ पातळ राहतो. मी किनाऱ्यापासून निघाल्यावर वाटेत वरचेवर मोजत जाते, हंगामाच्या सुरुवातीला दर दीडशे फुटांवर.

४ च्या आत आकडा आला तर सामान गोळा करत बसू नका. मुलांना एकमेकांपासून अंतर ठेवायला सांगा आणि आलात त्याच पावलांवरून परत फिरा. कुणी आत पडलंच तर कडेपर्यंत धावत जाऊ नका. मदतीसाठी ९११ ला फोन करा, पालथे झोपा, दोर किंवा पहार पुढे सरकवा. एकटे असताना आत गेलात तर ज्या बाजूने आलात त्या बाजूला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन आत्ताच पेललेलं असतं. बर्फात रोवायचे दोन टोचे गळ्यात दोरीने लटकलेले असू द्या, पिशवीत नाही. माझ्या मुलाच्या आणि माझ्या कोटावर ते नोव्हेंबर ते एप्रिल लटकलेलेच असतात.